शिवणकाम करणाऱ्या बाईचे भाकीत

रेडिओवर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरविषयी बोलाल का, असे मला विचारले गेले तेव्हा मी जरा घुटमळलो. सकाळची वेळ, कुणाच्या हातात चहाचा कप, कुणापुढे पोह्यांची बशी, आणि मी शौचाच्या गोष्टी बोलणार! पण या रोगाच्या इतिहासात संकोचाचा वाटा फार मोठा आहे, आणि आमच्या घरातल्या एका मृत्यूतही तो आहे. म्हणून बोलायचे ठरवले. मी डॉक्टर नाही. फार्मसी कॉलेजात तीस वर्षे औषधशास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार. तेव्हा कुणाला औषध सुचवण्यासाठी हे बोलणे नाही. ही एक जुनी हकीकत आहे.

ती सुरू होते अमेरिकेत, १८९५ साली. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावी ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे तरुण डॉक्टर विकृतिशास्त्र शिकवीत. विकृतिशास्त्र म्हणजे रोगट झालेला अवयव कापून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तपासण्याचे शास्त्र. त्यांचे कपडे शिवणारी एक बाई होती. एकदा ती फार उदास दिसली, म्हणून वॉर्थिननी कारण विचारले. तिने सांगितले की मी काही फार जगणार नाही, आमच्या घरातली माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा बायकांच्या आतल्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. हे सांगताना ती धडधाकट होती.

डॉक्टरांनी अशा वेळी काय करायचे असते? दोन धीराचे शब्द बोलायचे आणि कामाला लागायचे. वॉर्थिन तिथे थांबले नाहीत. बाई म्हणते ते खरे आहे का, हे त्यांनी तपासायला घेतले. तिच्या आजोबांपासूनच्या सगळ्या शाखा लिहून काढल्या, कोण कशाने गेले ते टिपले. १९१३ साली त्यांनी हा सगळा हिशोब छापला. त्या आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कॅन्सरने गेले होते किंवा कॅन्सरसाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. या घराण्याला त्यांनी नाव दिले ‘जी घराणे’. बाई पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. तिचे भाकीत तिच्यापुरते तरी चुकले नाही.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली २००१ साली, आणि वाचून पुस्तक मिटून ठेवले. कारण सांगतो.

आमचे मूळ घर नंदुरबारकडचे. १९९८ च्या दिवाळीत धाकटा भाऊ माझ्याकडे आला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. जिना चढून आला आणि धापा टाकत खुर्चीत बसला. चेहरा पांढुरका. म्हणाला, “दादा, हल्ली दम लागतो, दुसरे काही नाही.” मी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. औषधशास्त्राचा प्राध्यापक असल्याने मला उत्तर लगेच सुचले : लोह कमी आहे, लोह द्या. मीच कॅप्सूल आणून दिल्या. महिन्याभरात त्याच्या तोंडावर थोडी टवटवी आली आणि मला माझ्या शहाणपणाचे कौतुक वाटले. त्याने फोनवर सांगितले की शौचाला काळी होते आहे. मी म्हणालो, लोहाने तशी होतेच, घाबरू नकोस.

लोहाने होते, हे खरे. पण आतड्यात झिरपलेले रक्त पचनमार्गातून येताना काळसर होते, हेही तितकेच खरे. मी विद्यार्थ्यांना ही दोन्ही वाक्ये एकाच तासाला शिकवीत असे. पाळी नाही, बाळंतपण नाही, जखम नाही. मग त्रेचाळिशीतल्या पुरुषाच्या अंगातले रक्त गेले कुठे, हा साधा प्रश्न मी त्याच्या बाबतीत विचारला नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात उजव्या बाजूला दुखू लागले आणि हाताला गाठ लागली. सर्जननी तपासले, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात कॅन्सर होता. त्यांनी मला कागदावर आतड्याचे चित्र काढून दाखवले. उजव्या बाजूला आतडे रुंद असते आणि आतला मळ पातळ असतो, त्यामुळे तिथे गाठ कितीतरी वाढली तरी अडथळा होत नाही. रक्त थेंबथेंब जात राहते, डोळ्यांना दिसत नाही; माणूस फिकट पडतो, थकतो, एवढेच. डाव्या बाजूला आतडे अरुंद, मळ घट्ट. तिथली गाठ लवकर बोलते : शौचाची सवय बदलते, कधी बद्धकोष्ठ तर कधी ढाळ, शौचाला बारीक होते, वर लाल रक्त दिसते, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. आणि तिथे आपल्याकडे दुसरी अडचण उभी राहते. लाल रक्त दिसले की माणूस ते स्वतःच मूळव्याध ठरवून टाकतो. रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचेच असते म्हणा. पण ते ठरवायचे तपासणाऱ्या बोटाने आणि दुर्बिणीने. ते काम आपल्याकडे जाहिरातीतला मलम करतो.

मग सर्जननी विचारले, “घरात आणखी कुणाला होता का हा आजार?”

मी लगेच म्हणालो, “नाही. आमच्या घरात कॅन्सर नाही.”

हे मी खोटे बोललो नव्हतो. आमच्या घरात तो शब्दच कधी उच्चारला गेला नव्हता. आजोबा ‘पोटात गोळा होऊन’ गेले होते. आत्या ‘बायकांच्या दुखण्याने’ गेली होती. मधले काका मुंबईला ‘आतड्याचे ऑपरेशन फसून’ गेले होते. तीन माणसांची तीन वेगळी कारणे. ती सर्व एका रांगेत मी प्रथम ऐकली भावाच्या तेराव्याला. वडिलांच्या एक चुलत मावशी होत्या, नव्वदीच्या घरातल्या. त्या भिंतीला टेकून आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “याचा आजा असाच गेला, आत्या अशीच गेली, आता हा.” ॲन आर्बरच्या बाईला १८९५ साली जे कळत होते, ते आमच्या घरात फक्त त्या मावशींना कळत होते. औषधशास्त्राच्या प्राध्यापकाला नव्हते.

वॉर्थिनकडे परत येऊ. त्यांनी १९२५ साली त्या घराण्याचा आणखी पाठपुरावा छापला आणि १९३१ साली ते वारले. नंतर त्यांचे काम जवळजवळ विस्मरणात गेले. याला दोन कारणे दिसतात. एक तर कॅन्सर आनुवंशिक असतो ही कल्पनाच शास्त्रज्ञांना पटत नव्हती. धूर, रसायने, विषाणू यांच्यामागे सगळे लागले होते. दुसरे म्हणजे त्या काळी सुप्रजननशास्त्राचे वारे जोरात होते. ‘चांगल्या रक्ताच्या’ माणसांनीच प्रजा वाढवावी, असे म्हणणारी ती मंडळी. वॉर्थिन स्वतःही त्यातून सुटलेले नव्हते. जर्मनीत त्या विचाराचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घराण्यातल्या दोषाविषयी बोलायलाच लोक बिचकू लागले असतील तर त्यात नवल नाही.

हा धागा पुन्हा उचलला हेन्री लिंच यांनी. हा माणूस मोठा नमुनेदार. वय चोरून नौदलात भरती झालेला, काही काळ मुष्टियुद्ध खेळलेला आणि मग डॉक्टर झालेला. १९६२ साली ओमाहा गावच्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टर असताना त्यांच्यापुढे दारूने खंगलेला एक रुग्ण आला. का पितोस, असे विचारल्यावर त्याने सांगितले की घरातले सगळे कॅन्सरने गेले, मीही जाणार, मग न पिऊन काय करू? बाकीच्यांनी हे बेवड्याचे बोलणे म्हणून सोडून दिले असते. लिंच त्याच्या नातेवाइकांकडे गेले. ॲन क्रश या समाजसेविका त्यांच्याबरोबर काम करीत. घरोघर जाऊन, मृत्यूचे दाखले आणि इस्पितळांची कागदपत्रे गोळा करून त्यांनी १९६६ साली अशा दोन घराण्यांची हकीकत छापली. ते वाचून मिशिगनहून वॉर्थिन यांच्या गादीवर आलेल्या डॉक्टरांनी त्यांना जी घराण्याची जुनी कागदपत्रे सुपूर्द केली.

लिंच यांना सरकारी अनुदान वर्षानुवर्षे नाकारले गेले. त्यांचे एकच म्हणणे होते : मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर जर एकाच घरात, पिढ्यान्‌पिढ्या, पन्नाशीच्या आत दिसत असेल तर तो योगायोग नाही. १९९३ आणि १९९४ साली त्याची जबाबदार जनुके सापडली. आज या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. खुद्द जी घराण्यात एमएसएच-२ या जनुकात बिघाड असल्याचे २००० साली सिद्ध झाले, आणि २००५ साली त्या घराण्याच्या ९२९ वंशजांचा आढावा प्रसिद्ध झाला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या एका वाक्यापासून तिथवर यायला एकशेदहा वर्षे लागली. लिंच २०१९ साली वारले.

हे जनुक करते काय? या मजकुराचे मुद्रित तपासणारे कुणी असतात ना, तसे काम करते. पेशी दुभंगताना तिच्यातला सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो. त्यात चुका होतात. एमएसएच-२ आणि त्याचे सोबती त्या चुका शोधून दुरुस्त करतात. मुद्रितशोधकच नसेल तर चुका साचत जातात आणि एखाद्या दिवशी नको तिथे चूक पडते. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे हा बिघाड असला तर प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीसारखी.

जी घराण्याच्या कागदपत्रांत मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. वॉर्थिन यांच्या काळात या घरात जठराचा कॅन्सर जास्त होता. पुढच्या पिढ्यांत तो घटत गेला आणि मोठ्या आतड्याचा वाढत गेला. अमेरिकेतल्या सर्वसामान्य लोकांतही त्या काळात हाच बदल होत होता. म्हणजे जनुकातला बिघाड तोच, पण तो कुठे डोके वर काढील हे खाण्यापिण्याने, राहणीने बदलले. नशीब आणि सवयी असे दोन वेगळे कप्पे आपण करतो, ते निसर्ग करीत नाही.

सवयींविषयी बोलायचे तर डेनिस बर्किट यांचे नाव घ्यायला हवे. युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या या डॉक्टरांच्या लक्षात आले की आफ्रिकेच्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर फारच कमी दिसतो. ते लोकांच्या शौचाचे वजन आणि अन्न बाहेर पडायला लागणारा वेळ मोजत बसत. चोथायुक्त अन्न खाणाऱ्यांचा मळ भरपूर असतो आणि लवकर बाहेर पडतो, असा निष्कर्ष त्यांनी १९७१ साली मांडला. तेव्हापासून कोंड्याला प्रतिष्ठा आली. पुढच्या अभ्यासांत चोथ्याचा फायदा त्यांनी मानला होता तितका मोठा दिसला नाही, पण काहीसा दिसतो. आज धोक्याची म्हणून जी कारणे सांगतात ती अशी : वाढते वय, आतड्यात आधी झालेले कोंब म्हणजे पॉलिप, आतड्याला वर्षानुवर्षे येणारी सूज, लठ्ठपणा, बैठी राहणी, मधुमेह, तंबाखू, दारू आणि मांसाहारातला अतिरेक. खारवून-धुरी देऊन टिकवलेले मांस कॅन्सरकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली दिला.

आता गंमत पाहा. माझा भाऊ शाकाहारी. सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. रोज ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी खाणारा, सायकलवर हिंडणारा. म्हणूनच तर कुणाला शंका आली नाही! भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरे आहे. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आपल्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत निघाले. भाकरीवर माझाही विश्वास आहे, फक्त तिच्याकडून कवचकुंडलांची अपेक्षा करू नये.

औषधांचा इतिहास हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

भावाला शस्त्रक्रियेनंतर दिले गेलेले पहिले औषध होते फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल. याचा जन्म १९५७ सालचा. उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा पदार्थ निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात, असे दिसले होते. अमेरिकेत विस्कॉन्सिनला चार्ल्स हायडलबर्गर यांनी विचार केला की गाठीला इतकी हाव असेल तर तिला खोटे नाणे द्यावे. युरॅसिलमधला हायड्रोजनचा एक अणू काढून तिथे फ्लोरिन बसवला. पेशी हे नाणे घेते, पण त्यातून डीएनएचे अक्षर घडत नाही आणि घडवणारे यंत्रही अडकून पडते. खोटे नाणे निरोगी पेशींच्याही गल्ल्यात पडते. म्हणून तोंड येते, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात. तब्बल चार दशके या रोगावर दुसरे दमदार औषध नव्हते.

मधल्या काळात एक मजेशीर आणि चीड आणणारा प्रकार झाला. लेव्हामिसोल हे मेंढ्यांचे जंत पाडणारे औषध. ते फ्लुओरोयुरॅसिलबरोबर दिले तर शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटते, असे चार्ल्स मोर्टेल यांनी १९९० साली दाखवले. सगळ्यांना आनंद झाला. मग किंमत जाहीर झाली. मेंढीसाठीच्या गोळीपेक्षा माणसासाठीची गोळी सुमारे शंभरपट महाग! १९९२ साली मोर्टेल यांनी डॉक्टरांच्या भर परिषदेत उत्पादकावर जाहीर टीका केली. पुढे लेव्हामिसोल मागे पडले आणि त्याची जागा फोलिनिक ॲसिडने घेतली, पण औषधाच्या किमतीचा तो वाद अजून संपलेला नाही.

वर्षभराने भावाच्या यकृतात रोग दिसला. तेव्हा डॉक्टरांनी आयरिनोटेकान सुरू केले. सलाईनच्या बाटलीवरचे ते नाव वाचून मला भावाशेजारी बसल्याबसल्या एक गोष्ट आठवली, आणि मी ती त्याला सांगितली.

मनसुख वाणी नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. जन्म १९२५ चा, आमच्याच नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकले, मुंबईत कॉलेजात शिकवले, मग अमेरिकेला गेले आणि १९६२ पासून उत्तर कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत मनरो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. त्यांच्यापुढे एका चिनी झाडाचा अर्क होता. चिनी लोक त्याला ‘आनंदवृक्ष’ म्हणतात. तो अर्क उंदरांमधल्या कॅन्सरवर चालत होता, पण त्यातले चालते काय हे कुणाला माहीत नव्हते. वॉल आणि वाणी यांनी ते वेगळे काढले, त्याची घडण शोधली आणि १९६६ साली जाहीर केली. नाव कॅम्पटोथेसिन. याच दोघांनी पुढे टॅक्सॉलही शोधले.

कॅम्पटोथेसिनचा पहिला प्रवास मात्र आनंदाचा नव्हता. ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचे क्षार करून रुग्णांना दिले. लघवीतून रक्त, भयंकर जुलाब. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग थांबले. १९८५ साली ते नेमके काय करते हे कळले, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले. डीएनए हा पीळ दिलेल्या दोरासारखा असतो. मजकूर उतरवताना पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक विकर एक पदर कापते, पीळ सोडते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन त्याला कापू देते, जोडू देत नाही. जपानमध्ये याकुल्ट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे पाण्यात विरघळणारे रूप तयार केले, तेच आयरिनोटेकान. होय, छोट्या बाटलीतले आंबट-गोड दुधाचे पेय विकणारीच ती कंपनी. १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

गोष्टीचा दुसरा भाग तर आपल्या अंगणातलाच आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचे लहानसे झाड वाढते. फुलांना दुर्गंधी, म्हणून ते नाव. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही ‘फिटिडा’, म्हणजे घाण वासाचे, हा शब्द होता. मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली या झाडात कॅम्पटोथेसिन असल्याचे दाखवले, तेही चिनी झाडापेक्षा भरपूर. त्यानंतर नरक्याचे दिवस फिरले. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या जंगलांत झाडे तोडून पोती भरभरून बाहेर जाऊ लागली. तस्करी पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. तोडणाऱ्याला किलोमागे किरकोळ पैसे मिळतात. ज्याला गुरेही तोंड लावीत नसत ते झाड माणसामुळे दुर्मिळ झाले.

भावाने हे सगळे ऐकले आणि विचारले, “म्हणजे दादा, औषध आपल्याच गावच्या माणसाचे?” मी हो म्हणालो. “मग लागेल,” तो म्हणाला. काही महिने लागलेही. गाठी लहान झाल्या. त्या औषधाने जुलाब होतात ते दोन तऱ्हांचे. सलाईन चालू असतानाच घाम फुटून, पोटात कळ येऊन होतात त्यांवर ॲट्रोपीन, आणि काही दिवसांनी होतात त्यांवर लोपेरामाइड. ती गोळी वेळेवर देणे हे माझे काम होते. ते मात्र मी नीट केले. २००१ च्या पावसाळ्यात तो गेला.

त्याच सुमारास जपानच्या नागोया शहरात जन्मलेले ऑक्झॅलिप्लॅटिन जगभर रूढ होत होते. प्लॅटिनमचे हे औषध घेणाऱ्याला फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला तरी मुंग्या येतात. २००४ साली गाठीचा रक्तपुरवठा तोडणारे आणि तिच्या वाढीचे दार बंद करणारे अशी दोन जैविक औषधेही आली. काही न करता सहा महिने, फ्लुओरोयुरॅसिलवर वर्षभर, आणि सगळी औषधे आलटूनपालटून दिली तर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त, अशी पसरलेल्या रोगातल्या सरासरी आयुष्याची रेषा सरकत गेली.

पण मला चुटपुट लावणारी गोष्ट त्यानंतरची. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत तो मुद्रितशोधक हरवलेला असतो, त्यांना शस्त्रक्रियेनंतर एकट्या फ्लुओरोयुरॅसिलचा फायदा होत नाही, असे त्यात दिसले. सर्जनच्या प्रश्नाला मी ‘हो’ असे उत्तर दिले असते तरी १९९९ साली वेगळे काही देता आले नसते, हे मला कळते. तरीही.

आणि मग २०१५. ज्या गाठीत चुका साचलेल्या असतात, त्या गाठीचा मजकूर शरीराच्या पहारेकऱ्यांना परका वाटायला हवा. वाटतोही. पण गाठ त्यांचा ब्रेक दाबून ठेवते. तो ब्रेक सोडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अशा रुग्णांना दिल्यावर, जिथे सगळी केमो हरली होती तिथे गाठी वितळू लागल्या. २०२० साली अमेरिकेत अशा पसरलेल्या रोगात ते पहिल्या पायरीचे औषध म्हणून मान्य झाले. २०२२ साली न्यूयॉर्कहून बातमी आली की त्याच जातीचे दुसरे औषध, डोस्टार्लिमॅब, मलाशयाच्या अशाच कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांना सहा महिने दिले आणि उपचार पूर्ण केलेल्या बाराही जणांची गाठ नाहीशी झाली, शस्त्रक्रियेशिवाय. ज्या बिघाडाने ॲन आर्बरच्या त्या घराण्याला शतकभर मारले, तोच बिघाड औषधाला दार उघडून देतो. ही औषधे भारतात मिळतात, पण किंमत ऐकून मध्यमवर्गीय माणूस खाली बसतो. मोर्टेल यांची आठवण होते ती अशा वेळी.

पण गाठ होण्याची वाटच कशाला पाहायची? आतड्यातला कॅन्सर बहुधा पॉलिपमधून होतो आणि त्याला साधारणपणे वर्षे लागतात. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचीक दुर्बीण आत घालून, तारेच्या फासाने पोट न फाडता पॉलिप काढायला सुरुवात केली. लिंचच्या घराण्यांत मात्र पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतचा काळ फार थोडा असतो, म्हणून अशांची दुर्बीण-तपासणी विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी करतात.

हे मी भावजयीला सांगितले तेव्हा पुतणी वीस-बावीस वर्षांची होती. भावजय म्हणाली, “भाऊजी, आधी तिचे लग्न होऊ द्या. हे बाहेर कळले तर कोण करील?” मी गप्प बसलो. तिचे चुकले असे मी आजही म्हणू शकत नाही. स्थळे बघताना घरातला आजार कसा झाकतात हे मीही पाहिले आहे. लग्न २०१२ साली झाले. २०१७ साली पुतणी स्वतःच माझ्याकडे आली, नवऱ्याला बरोबर घेऊन. त्याला तिने सगळे आधीच सांगितले होते. रक्त तपासले. बिघाड निघाला, एमएसएच-२ मध्येच. मीही तपासून घेतले. माझे नाणे दुसऱ्या बाजूला पडले होते. तो अहवाल हातात घेऊन मला आनंद करता आला नाही.

२०१९ च्या तपासणीत तिच्या आतड्यात उजव्या बाजूला दोन पॉलिप मिळाले. त्याच टेबलावर काढले, दुपारी ती घरी आली आणि संध्याकाळी खिचडी खाल्ली. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती रोज ॲस्पिरिन घेते. लिंच सिंड्रोमच्या ८६१ जणांवर जॉन बर्न यांनी केलेल्या चाचणीत दोन वर्षे ॲस्पिरिन घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना पुढे मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, न घेतलेल्यांपैकी १३ टक्क्यांना. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्याला अल्सर आहे त्याने मात्र हे ऐकून गोळ्या घेऊ नयेत.

पुतणीने एक वही केली आहे. तीत आमच्या घराण्याची शाखा न्‌ शाखा, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, कोण कोणत्या वर्षी आणि कशाने गेले. सुरतेचे, इंदूरचे, दोंडाईचाचे चुलतभाऊ ती फोन करकरून शोधते. काही जण फोन ठेवून देतात. गेल्या महिन्यात तिने मला विचारले, “काका, आजोबांना एक बहीण होती ना, तरुणपणी गेलेली? ती कशाने गेली?” मला तिचे नावसुद्धा आठवेना. ज्यांना माहीत असते त्या मावशी जाऊन वीस वर्षे झाली. वहीत ते वर्तुळ अजून रिकामे आहे, आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.